तिसरी फाईल

हैदराबाद
२८ ऑगस्ट २००७

अमर यास रविचा शरणार्थ.

आधी हे वाच, मग डबी उघड. डबीत काळी चपटी वस्तू हाय ती हार्डडिस्क. कंपासपेटीएवढी दिसते, पण तिच्यात तुमच्या दुकानाच्या सगळ्या वह्या मावून वर जागा उरंल. तिला आपटू नको, तेलाच्या डब्यापाशी ठेवू नको, आन मामाच्या, तुझ्या बाबांच्या, हातात तर बिलकुल देऊ नको. मामा तिला वजन म्हणून ताजव्यात टाकतील.

फोन केला असता. पण दुकानातला फोन मामाच्या गादीपाशी आन मोबाईल मामाच्या खिशात. माझा आवाज ऐकला की ते चार वर्षांचं काढून बसतेत. नववीतून उठून तुमच्या दुकानात पुड्या बांधायला आलतो, आन एक दिवस न सांगता निघून गेलतो, ते अजून त्यांच्या घशात अडकलंय. म्हणून भारतदादाच्या ट्रॅव्हल्समधून पाठवायलो. भारतदादा आपल्या नेकनूरचा, हैदराबाद-बीड गाडी चालवतो, केजच्या चौकात तुझ्या हातात देईल. पत्र बी याच डबीतून येऊ-जाऊ दे. पोस्टाला आठ दिवस लागतेत.

आता कामाचं. आमच्या स्टुडिओच्या सरांनी नवीन म्युझिक सॉफ्टवेअर घेतलं. जुनं माझ्या नावावर करून दिलं, तसा कागद बी दिला. ते कंपनीच्या साईटवरून उतरवून घ्यायचं असतं, आन कंपनी तीनच वेळा उतरवू देते. चौथ्यांदा दार बंद. तीन फायली हायत. पहिलीत सॉफ्टवेअर. दुसरीत तबला, ढोलक. तिसरी सगळ्यात मोठी, तिच्यात पेटी, पखवाज, टाळ, चिपळ्या, वीणा. म्हंजे आपल्या भजनाला जे लागतं ते सगळं तिसरीत. तिन्ही उतरल्यात. तू नुसतं तुझ्या कॉम्प्युटरच्या मशीनला वायर लाव आन बसव.

वच्छलाबाईची चार गाणी तू रेकॉर्ड करून ठेवलीस म्हनलास ना, तिच्या आवाजाखाली पेटी आन पखवाज लावला की सीडीची तबकडी तयार. त्या बाईचा आवाज नेकनूरच्या बाहेर कुणी ऐकला न्हाई हे मला लई लागतं.

मी हितं आता मशीनवरच असतो. सर म्हणतेत, रवि, तुझा कान चांगला हाय. पण अमर, मला हितं करमत न्हाई. खोलीत सहा जणं, सगळ्यांची भाषा येगळी, रोज भातच. दुकानावरची ती तुझी रेकॉर्डिंगची खोली चालली तर मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसंन. न्हाई चालली तर न्हाई. हात हलवत मामासमोर उभा राहणार न्हाई मी.

लवकर कळव.
रवि

केज
६ सप्टेंबर

प्रिय रवि,

भारतदादाने डबी दिली. बाबांनी पाहिलीच. म्हणाले, काय आलंय? मी म्हणालो, आवाज आलेत. ते म्हणाले, आवाज डबीत येतेत का, मग तोंड कशाला दिलंय देवानं. गिऱ्हाईक हसलं.

रवि, पहिली फाईल बसली. दुसरी बसली. तबला वाजवून पाहिला, शिवांजली खालून ‘दादा, दादा’ करत पळत वर आली, तिला वाटलं खरंच कुणी तबलजी आलाय. तिसरीवर क्लिक केलं की मशीन इंग्रजीत पाटी लावतं. मी ती पाटी अक्षर अन् अक्षर कागदावर उतरवून घेतली. शिवांजली अंबाजोगाईला बी.ए. करते, तिने वाचून सांगितलं की फाईल अर्धवट आहे किंवा खराब आहे. मी पाच वेळा केलं. मशीन बंद करून चालू केलं. वायर बदलली. लाईट तर दिवसातून आठ तास नसतेच, त्यात जे जमेल ते केलं. पाटी तीच.

तू म्हणालास तिन्ही उतरल्यात. तू तिसरी उघडून पाहिली होतीस का?

आता खोलीचं ऐक. बाबांनी परवा जेवताना विषय काढला. फवारणीच्या औषधांचा एक एजंट आहे, त्याला माल ठेवायला जागा हवी आहे, तो रोज दुकानात येऊन चहा पिऊन जातो. आई म्हणाली, पोराची हौस आहे, राहू द्या. बाबांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं,
“कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेत तुझी तबकडी दुकानावर लागलेली दिसली, तर खोली तुझी. न्हाई दिसली तर औषधवाल्याची. मग वर जायचं न्हाई, गादीवर बसायचं.”

मी बरं म्हणालो. पौर्णिमा चोवीस नोव्हेंबरला आहे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेत किती दिंड्या येतात तुला माहीत आहे, भजनाची तबकडी तिथे नाही विकली तर कुठे विकणार.

हार्डडिस्क परत पाठवतोय. त्यात मी वच्छलाबाईची चारही गाणी टाकलीत, ऐक. वच्छलाबाई बाजाराच्या दिवशी येऊन विचारून गेल्या की माझ्या गाण्याचं काय झालं. मी म्हणालो, हैदराबादला गेलंय. त्या म्हणाल्या, मी बीडच्या पुढं गेले न्हाई, गाणं गेलं.

तुझा
अमरनाथ

हैदराबाद
१४ सप्टेंबर

अमर,

खरं लिहितो, शिव्या दे. तिसरी मी उघडून बघितली नव्हती. उतरता उतरता ती एका जागी थांबली, मशीन म्हणालं जागा न्हाई. मी बघितलं तर डिस्कवर शंभर जीबी मोकळे. मला वाटलं मशीन येड्यासारखं करतंय, फाईल तर दिसतेय, आली असंल. तुला सांगायला तोंड न्हवतं. तुला वाटलं असतं, रव्या अजून तोच हाय, अर्धी पुडी बांधून गिऱ्हाइकाला देणारा.

काल हार्डडिस्क हातात आली. सर बाहेर गेलते, मी दुसऱ्यांदा उतरवली. दिवसभर बसलो. पुन्हा त्याच जागी थांबली, चार जीबीवर. चारच्या पुढं एक दाणा हालत न्हाई. जागा हाय, तरी म्हणतंय जागा न्हाई. मी नेटची वायर बदलली, डिस्कची वायर बदलली, मशीनच्या मागच्या दुसऱ्या भोकात लावून बघितलं. शेवटी डिस्कला कपाळ टेकवून बसलो.

दोन वेळा संपल्या. कंपनीची एकच वेळ उरली. आता चूक झाली तर संपलं. म्हणून मी आता हात लावणार न्हाई, आधी कुणाला तरी विचारतो. डिस्क माझ्यापाशीच ठेवतो.

वच्छलाबाईचं दुसरं गाणं ऐकलं. तू माईक लांब ठेवलास, तरी सुदिक आवाज बघ कसा येतो. मधी खाली तुमच्या दुकानात मामा कुणाला तरी ओरडायलेत ते बी रेकॉर्ड झालंय. मी ते काढून टाकणार हाय. आधी तीनदा ऐकलं, मग काढणार.

अमर, पौर्णिमा लांब हाय. मामाला काही बोलू नको. मशीन झाकून ठेव, धूळ बसू देऊ नको. मी आलो की भिंतीला गोणपाट लावू, त्यानं आवाज घुमत न्हाई. ते मी हितं बघितलंय. दाराच्या फटीत फडकी कोंबू. मामी तेवढी फडकी देईल.

रवि

केज
२८ सप्टेंबर

प्रिय रवि,

उशीर झाला. गणपती होते, दुकानात गर्दी होती.

तू घाई करू नकोस. एकच वेळ उरली आहे म्हणतोस तर ती जपून ठेव. यंदा नाही झालं तर पुढच्या यात्रेला होईल. यात्रा कुठे पळून जात नाही. इकडे लाईटचे हाल आहेत, मशीन लावायची सोय नाही.

तू तिकडे मशीनवर बसतोस, सर तुझं नाव घेतात, हे मी आईला सांगितलं. तिला फार बरं वाटलं. तुझी आई नेकनूरहून आली होती, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, त्याला म्हणावं तिथंच टिकून राहा, हितं कुणाचं काय झालंय. मलाही तसंच वाटतं.

बाकी ठीक. बाबा बरे आहेत. भजनी मंडळाचे लोक शनिवारी येतात, बाबा पेटीवर असतात. तुझा विषय निघत नाही.

अमरनाथ

हैदराबाद
१९ ऑक्टोबर

अमर्‍या,

झालं. तिसरी फाईल आली. पूर्ण. उघडून बघितली. पेटी वाजवली, पखवाज वाजवला, टाळ वाजवले, मग हेडफोन काढून बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

तुझं मागचं पत्र मला आवडलं न्हाई. पुढच्या यात्रेला म्हणे. तू असा नव्हतास बे. रेकॉर्डिंगच्या खोलीचं येड तुलाच आधी लागलं, मी तर नुसता ऐकायचो. आन कागदाला फवारणीच्या औषधाचा वास येत होता, तो कावून? भुसार दुकानात औषध कवापासून ठेवायलेत? एजंट तुमच्याच गादीवर बसून चहा प्यायलाय वाटतं अजून.

आता ऐक, चूक कुठं होती. मी हितल्या कोटी भागातल्या बाजारात गेलतो, तिथं एक मशीन दुरुस्त करणारा म्हातारा मिया बसतो. त्याला डिस्क दाखवली. त्यानं वायर लावली, एकदा बघितलं आन हसला. म्हणाला, “मियाँ, जगा तो भोत है, फाईल बडी है. इसके खाने छोटे हैं.” मग त्यानं समजावून सांगितलं. डिस्क दुकानातून येते तीच जुन्या पद्धतीनं आखलेली असते. सगळी मोकळी असली तरी तिच्यात एकेक फाईल चार जीबीच्या वर मोठी बसत न्हाई. आपली तिसरी साडेपाचची. म्हंजे तुमचं गोदाम अख्खं रिकामं हाय, पण दार एवढंच की लोखंडी कपाट आत जात न्हाई. आन आपण काय केलं, तर दोन महिने कपाटाला शिव्या दिल्या.

इलाज एकच. डिस्क पुसायची आन नव्या पद्धतीनं आखून घ्यायची. पुसली की सगळं जातं. म्हणून आधी वच्छलाबाईची गाणी सरांच्या मशीनवर काढून ठेवली, दोनदा मोजली, चार हायत का, आन मग पुसली. पुसताना मशीन विचारतं, नक्की का. गाणी तिसऱ्यांदा मोजली. मग दाबलं. शेवटची वेळ वापरली, तिन्ही फायली पुन्हा पहिल्यापासून, सकाळी लावलं ते दिवस बुडेस्तोवर चाललं. मी जागचा हाललो न्हाई. गाणी पुन्हा डिस्कवर टाकलीत.

आज शुक्रवार. डबी आत्ता भारतदादाकडं देतो, उद्या खंडेनवमीच्या दिवशी सकाळी तुझ्या हातात. तू बसवायला घे. महिना हाय आपल्याकडं. मी दिवाळीनंतर येतो. सुट्टी काढलीय, लांबची. मामीला सांग, माझ्यापुरती वर टाकायला एक सतरंजी काढून ठेव. खाली झोपणार न्हाई, वरच झोपंन.

रवि

केज
२३ ऑक्टोबर

प्रिय रवि,

कसं लिहावं कळत नाही.

शनिवारी सकाळी भारतदादाने डबी दिली. मी लगेच वर जाऊन वायर लावली. फायली मशीनवर यायला सुरुवात झाली. तेवढ्यात खालून बाबांनी हाक मारली, मी खाली गेलो. तुला आमच्याकडची खंडेनवमी माहीत आहे. तराजू, वजनं, मापं, अडकित्ता, शिवणाचं मशीन, सगळं धुऊन पाटावर मांडतात, त्या दिवशी कुठलंच अवजार चालवायचं नाही. आई वर गेली. तिला वाटलं, आज हेही अवजारच. दिवा लुकलुकतोय म्हणजे चालू आहे, आजच्या दिवशी चालू कसं. तिने वायर ओढली, डिस्क पुसून घेतली, खाली आणून तराजूशेजारी ठेवली. मी पाहिलं तेव्हा तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे आणि हळदकुंकू होतं.

त्यानंतर डिस्क लागत नाही. चालू असताना ओढली ना. आईला मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस, तिला समजणार नाही.

कंपनीची वेळही संपली. म्हणजे आता होत नाही. डिस्क परत पाठवतोय, तुला दुसऱ्या कामाला येईल का पाहा. रवि, तू दिवाळीनंतर येऊ नकोस. सुट्टी रद्द कर. सरांना नाराज करू नकोस. चांगली जागा आहे ती.

अमरनाथ

हैदराबाद
२९ ऑक्टोबर

अमर,

तुझं पत्र वाचलं. मामीचा राग आला, मग रडू आलं. बाई कुंकू लावते म्हंजे वस्तूला जपतेच ना. तिनं माझ्या आवाजाच्या डबीला ताजव्याशेजारी जागा दिली हे मला बरं सुदिक वाटलं.

मग मी डिस्क घेऊन कोटीला गेलो. त्या मियाला म्हनलं, बघा जीव हाय का. त्यानं वायर लावली. अमर, तिन्ही फायली जशाच्या तशा. तिसरी उघडली. पेटी वाजली. वच्छलाबाईची चारही गाणी. मिया म्हणाला, इसको क्या हुआ है, ये तो दुल्हन के जैसी है. मी डिस्क उलटीपालटी करून बघितली. तिच्या कडेला बारीक फट हाय, तिच्यात कुंकवाचा कण सुदिक न्हाई.

तरी मी म्हनलं, असंल, पुसून काढलं असंल. तुझ्या मशीनला लागली नसंल, हितं लागली.

पण आज भारतदादा भेटला. मी त्याला सहज म्हनलं, नवमीला डबी वेळेवर दिलीस, बरं झालं. तो म्हणाला, नवमीला? नवमीला गाडी हितंच यार्डात होती. मालकानं शुक्रवारी गाडी सोडली न्हाई. शनिवारी सगळ्या गाड्या धुतल्या, हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली, त्या दिवशी एक गाडी हालली न्हाई. रविवारी पहाटे सुटलो, केजला दिवस मावळताना पोचलो. तुझ्या भावानं डबी घेतली, मला आपट्याचं पान दिलं, मी त्याच्या गळ्यात पडलो. दसरा होता, ध्यानात कसं राहणार न्हाई.

म्हंजे नवमीच्या दिवशी माझी डिस्क भारतदादाच्या डिकीत होती. आन तू लिहितोस मामीनं तिला कुंकू लावलं.

तू मामीचं नाव घेऊन खोटं कावून लिहिलंस? तुला माहीत होतं मी मामीवर चिडणार न्हाई, म्हणून?

मला एवढंच सांग. खोलीचं काय झालं.

रवि

केज
४ नोव्हेंबर

रवि,

हे पत्र मी चारदा फाडलं.

खोली गणपतीतच गेली. बाबांनी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली होती हे खरं. पण तिसरी फाईल लागली नाही हे त्यांना कुठून तरी कळलं. गौरी जेवल्या त्या दिवशी एजंट घरी जेवायला होता. जेवण झाल्यावर बाबांनी त्याच्यासमोर मला विचारलं. ओरडून नाही, नीट विचारलं.
“अमरनाथ, खोली ठेवायची का द्यायची? तू म्हणशील तसं.”
मी म्हणालो, “तुमी म्हणाल तसं.”

एवढंच झालं. ते मला विचारत होते, रवि. मी ठेवा म्हणालो असतो तर त्यांनी कदाचित ठेवली असती. आई दारात उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी खोके वर चढले. मशीन बीडच्या एका फोटोवाल्याने नेलं. मी अठ्ठावीस सप्टेंबरचं पत्र तुला लिहिलं ते त्या खोक्यांवर बसून लिहिलं, म्हणून वास.

तू डिस्क पाठवलीस तेव्हा माझ्याकडे ती लावायला मशीनच नव्हतं. मी ती दोन दिवस उशाशी ठेवली. तुला काय लिहावं? तू सतरंजी काढून ठेव म्हणालास. तू तिथे मशीनवर बसतोस, तुझी चांगली नोकरी आहे, ती सोडून या खोक्यांसाठी आलास तर माझ्याच्याने तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं. म्हणून वाटलं, डिस्क मेली असं लिहावं. डिस्क मेली म्हणजे कुणाचीच चूक नाही. नवमीची सगळी मांडामांड डोळ्यासमोर होती, तेच लिहून टाकलं. आईने खरंच असं केलं असतं, म्हणून लिहिताना मलाही ते खरं वाटत होतं.

आईला काही माहीत नाही. ती अधूनमधून विचारते, रविचे आवाज आले का.

मी आता गादीवर बसतो. तू येऊ नकोस.

अमर

लातूर
१४ नोव्हेंबर

अमर यास रविचा शरणार्थ.

तुझं पत्र मला हैदराबादला मिळालं, पण वाचलं जहिराबादला. सहा तारखेला मी माझी ट्रंक भारतदादाच्या गाडीवर चढवायलो होतो, तवा त्यानं खिशातून काढून दिलं. म्हणाला, तूच निघालास तर हे आता कुणाला देऊ. मी तुझ्याकडंच यायलो होतो. गाडी जहिराबादला जेवायला थांबली, तवा वाचलं.

आता माझं बी वाच. मी स्टुडिओत मशीनवर कधीच न्हवतो. मी वायरी गुंडाळायचो, चहा आणायचो, कप धुवायचो, पाहुण्यांच्या चपला नीट लावायचो. सर मला कान चांगला म्हणाले होते ते एकदाच, एका गाण्यात कुठली तार उतरलीय ते मी सांगितलं तवा. मशीनवर बसायचो ते सर बाहेर असताना. तिसरी फाईल उतरवली त्या दिवशी सर अचानक आले. पार्टी रेकॉर्डिंगला बसलेली, नेट माझ्या फाईलीनं अडवून धरलेलं, त्यांची गाणी जायची होती ती जाईनात. सर म्हणाले बंद कर. मी म्हनलं सर, दोन तास द्या, ही शेवटची वेळ हाय. ते म्हणाले, हिचीच न्हाई, तुझी बी. पण फाईल पूर्ण होऊ दिली, हे त्यांचं मोठेपण. तुला लांबची सुट्टी लिहिली ती ही. त्यानंतरचे दिवस मी सहा जणांच्या खोलीत सातवा म्हणून झोपत होतो, तुझ्या पत्राची वाट बघत. तू ये म्हणशील म्हणून.

जहिराबादला मी तुला लई शिव्या दिल्या. भारतदादा म्हणाला, जेव आधी. उदगीर गेलं तवर राग मामावर गेला. लातूर आलं तवा कुणावरच न्हवता. मी त्याला म्हनलं, ट्रंक उतरव. तो म्हणाला, केज पुढं हाय. मी म्हनलं, केजला मला काम न्हाई. दिवाळी मी हितं काढली. आईला अजून माहीत न्हाई, तिला सांगू नको.

गंजगोलाईजवळ एक मंडप-स्पीकरवाला हाय, अमृतआप्पा म्हणून. आपल्यातलेच हायत. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली हाय, दहा बाय आठ. आधी तिच्यात फाटके पडदे ठेवायचे. त्यांच्याकडं पोराचं मशीन पडून हाय, पोरगं पुण्याला गेलं. मी त्यांना म्हनलं, मला तीन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईचं दुसरं गाणं त्यांना ऐकवलं, खाली पेटी आन पखवाज लावून. ऐकताना म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, बाई कोण? मग म्हणाले, कपिलधारला माझे स्पीकर लागणार हायत, वाजवू.

पण अमर, पेटी मला नीट लागत न्हाई. मशीनमधली पेटी बी बोटानंच वाजवायची असते, आन बोटं माझ्याकडं न्हाईत, तुझ्याकडं हायत. तू लहानपणी मामाशेजारी बसून वाजवायचास तसं कुणी वाजवत न्हाई. माझ्यानं नुसते सूर दाबले जातेत. बाकीची तीन गाणी तशीच पडून हायत.

तू ये. केजहून लातूरला तीन तासात येतोस. दोन दिवस ये, नुसती तीन गाणी कर आन परत जा. न्हाई तर राहा. खोली लहान हाय, पण दोघं मावतो. मामाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, माझं नाव घातलंस तरी चालंल.

येत नसशील तर एक कर. लाईट न्हाई, दुकानात गर्दी हाय, मामीनं कुंकू लावलं, असलं काही लिहू नको. खरं कारण एका ओळीत लिही. मी पुन्हा विचारणार न्हाई.

पत्ता पाठीमागं लिहिलाय.

रवि

केज
२१ नोव्हेंबर

रवि,

मला बाबांची भीती वाटते. दुसरं कारण नाही.

अमर